तांबड्या मोज्यांचे दहा जण



खेळून कुणाचे पोट भरते का, हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी विचारला जातो. मुलगा मैदानावरून उशिरा परतला की वडील विचारतात, वर्गात गुरुजीही विचारतात. आज ज्या दहा जणांची हकीकत सांगणार आहे, त्यांनी याचे उत्तर उघडपणे ‘होय’ असे दिले. ते उत्तर पुरते दोन वर्षेही टिकले नाही. पण टिकले नाही ते का, हे ऐकण्यासारखे आहे.

अमेरिकेत ओहायो नदीच्या काठी सिनसिनाटी नावाचे शहर आहे. तिथल्या बेसबॉल क्लबाचे खेळाडू गुडघ्यापर्यंत तांबडे मोजे घालीत, म्हणून लोक त्यांना ‘रेड स्टॉकिंग्ज’, म्हणजे तांबडे मोजेवाले, म्हणू लागले. बेसबॉल हा क्रिकेटचा लांबचा भाऊबंद. यष्ट्या नाहीत, मैदानात चौकोनाच्या चार टोकांना चार ठाणी. चेंडू टोलवायचा, धावत ठाणी घ्यायची आणि फेरी पुरी करून घरच्या ठाण्यावर परत यायचे, की झाली एक धाव. नऊ-नऊ गडी, तीन बाद झाले की डाव बदलला, असे नऊ डाव. त्या काळी चेंडू हात खाली ठेवून टाकीत. हातमोजे कुणी घालीत नसे. सणसणत आलेला चेंडू उघड्या हातांनीच धरायचा. बोटे वाकडी झालेला खेळाडू म्हणजे नवल नव्हते, बरं का!

पैसे घेऊन खेळणे तेव्हा निषिद्ध होते. पण पैसे मिळत नसत असे मात्र समजू नका. ते चोरून मिळत. चांगल्या खेळाडूला क्लबातल्या कुणा धनिकाच्या पेढीवर नावापुरती कारकुनी द्यायची, की झाले काम. जॉर्ज राइट नावाचा तरुण १८६७ साली वॉशिंग्टनच्या एका क्लबात कारकून म्हणून दाखवला होता. सांगतात की, त्याच्या कचेरीचा म्हणून जो पत्ता नोंदवला होता, तिथे नुसती सार्वजनिक बाग होती! मला वाटते, खरी लाज या लपवाछपवीची होती, पैशाची नव्हे.

१८६९ च्या हंगामासाठी खेळाडूंच्या राष्ट्रीय संघटनेने पगारी खेळाडूंना मुभा दिली, आणि सिनसिनाटीच्या क्लबाने सगळाच्या सगळा संघ उघड पगारावर ठेवला. मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, आठ महिन्यांची नोकरी. जॉर्ज राइटला १४०० डॉलर, त्याचा थोरला भाऊ हॅरी, जो कप्तान होता, त्याला १२००, चेंडू टाकणाऱ्या एसा ब्रेनर्डला ११००, वॉटरमनला १०००. अ‍ॅलिसन, गूल्ड, स्वेझी, लेनर्ड आणि मॅकव्हे यांना प्रत्येकी ८००, आणि राखीव गडी हर्लीला ६००. बेरीज करा, ९३०० डॉलर होतात. ही सारी कामकरी माणसे. स्वेझी आणि लेनर्ड टोप्या बनवीत, अ‍ॅलिसन संगमरवर घडवी, मॅकव्हे पियानोच्या कामावरचा, गूल्ड जमाखर्च लिहिणारा. गंमत अशी की, शहराच्या नावाने खेळणाऱ्या या दहांत सिनसिनाटीचा असा एकटा गूल्डच.

हॅरी राइट मूळचा इंग्लंडातल्या शेफील्डचा. बाप क्रिकेटचा पगारी खेळाडू, आणि हॅरीही क्रिकेट शिकवण्यासाठीच सिनसिनाटीला आला होता. त्यामुळे पगार घेऊन खेळण्यात त्याला काही वावगे वाटत नसे. मात्र पगार घेतला तर काम चोख हवे, हा त्याचा हट्ट. रोजचा सराव, दारूला मनाई, आणि एकाने चेंडू अडवला की दुसऱ्याने त्याच्या मागे उभे राहायचे. झेल कुणी घ्यायचा हे हाक मारून ठरवायचे, म्हणजे दोघे एकमेकांवर आदळत नाहीत. सगळेच असे शहाणे होते असे नाही. ब्रेनर्ड मोठा लहरी. ऐन सामन्यात मैदानातून ससा पळाला, तर म्हणे त्याने हातातला चेंडू सशावरच फेकला!

त्या वर्षी हे लोक एकही सामना हरले नाहीत. क्लबांविरुद्ध ५७ विजय नोंदलेले आहेत. ऑगस्टात ट्रॉयच्या संघाशी १७-१७ अशी बरोबरी असताना समोरचा संघ पंचाशी भांडून निघून गेला. त्यामागे पैजा लावणाऱ्यांचा हात असावा, असा बोभाटा झाला. त्याच वर्षी मे महिन्यात देशाच्या आरपार जाणारी रेल्वे पुरी झाली होती. सप्टेंबरात हे दहा जण तिने थेट सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन खेळून आले. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनीही त्यांची भेट घेतली. गावी परतल्यावर लोकांनी त्यांना २७ फूट लांबीची लाकडी बॅट भेट दिली! आणि वर्षअखेर क्लबाने हिशेब केला तेव्हा शिल्लक किती उरली? एक डॉलर आणि ३९ सेंट.

१४ जून १८७० रोजी ब्रुकलिनला ॲटलांटिक क्लबाशी सामना झाला. नऊ डावांअखेर ५-५. समोरचे बरोबरीवर राजी होते, पण हॅरी राइटला ते मान्य नव्हते. नियमाप्रमाणे खेळ पुढे चालला. अकराव्या डावात तांबड्या मोज्यांनी दोन धावा काढल्या; मग समोरच्यांनी तीन काढल्या. गूल्डच्या हातून चेंडू निसटला आणि सामना ८-७ असा गेला. क्लबाचे अध्यक्ष चॅम्पियन यांनी तारेने गावाला कळवले, की आपली मुले हरली, पण अब्रू गेलेली नाही.

गावाला मात्र ते पटले नसावे. त्या साली एकूण सहाच सामने हरले, पण प्रेक्षक कमी होऊ लागले, गल्ला आटला. खेळाडूंना दुसरीकडून जादा पगाराची बोलावणी येत होती. नोव्हेंबरात क्लबाने जाहीर केले, की इतका पगार परवडत नाही, यापुढे पगारी खेळाडू ठेवणार नाही. जिंकून देणारा माणूस हवा, पण त्याने आपल्या श्रमाची किंमत सांगितली की तो लोभी ठरतो! अर्थात क्लबाच्या तिजोरीतली ती शिल्लकही विसरून चालणार नाही.

हॅरी, जॉर्ज, गूल्ड आणि मॅकव्हे बोस्टनला गेले, आणि जाताना तांबडे मोजे व नाव दोन्ही घेऊन गेले. बोस्टनने १८७२ ते १८७५ अशी लागोपाठ चार अजिंक्यपदे मिळवली. ब्रेनर्ड १८८८ साली डेन्व्हरला वारला. जॉर्ज राइटने खेळाच्या साहित्याचा धंदा काढून चांगला जम बसवला आणि तो १९३७ पर्यंत जगला.

आणि गूल्ड? १८७६ साली सिनसिनाटीत पुन्हा पगारी संघ उभा राहिला, तेव्हा त्याची धुरा या गाववाल्याकडेच आली. जोडीला जुना सोबती स्वेझीही होता. त्या हंगामात संघ ९ सामने जिंकला आणि ५६ हरला.