प्रथमावृत्ती आणि वाचलेली प्रत

(शाळेच्या हीरकमहोत्सवी व्याख्यानमालेत एका माजी विद्यार्थ्याने दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या शाळेच्या ग्रंथालयात त्या काळी दर शनिवारी पुस्तकबांधणी चालत असे. सकाळची शाळा सुटली की आम्ही चारपाच मुले ग्रंथपाल गुरुजींभोवती बसत असू. खळ शिजवायची, पुठ्ठे कापायचे, नव्या पुस्तकाचे कागदी वेष्टन आणि शेवटची जाहिरातींची पाने काढून टाकायची, दाभणाने भोके पाडून टाके घालायचे आणि वर खाकी कापड चढवायचे. महाराष्ट्रापासून इतक्या दूर मराठी पुस्तक सहजासहजी मिळत नसे. आलेले पुस्तक शंभर हातांतून गेले तरी टिकले पाहिजे, असे गुरुजींचे म्हणणे होते. आम्ही फाडलेल्या वेष्टनांची होळी शाळेच्या मागच्या आवारात होत असे आणि त्यात आम्हांला काही वावगे वाटत नसे.

पुढे नोकरीच्या निमित्ताने मला तीन वर्षे लंडन येथे राहण्याचा योग आला. वाचनाची आवड येथूनच नेलेली होती. एका रविवारी एका परिचिताने जुन्या ग्रंथांच्या लिलावाची सूची हाती दिली. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील कादंबऱ्यांच्या प्रथमावृत्त्या विक्रीस निघाल्या होत्या. प्रत्येक नोंदीत एकच गोष्ट पुनःपुन्हा येत होती : मूळ वेष्टने शाबूत, मूळ कापडी बांधणी, प्रकाशकाच्या जाहिरातींची पाने जागच्या जागी. आम्ही शनिवारी जे जे फाडून जाळत होतो, त्या त्या वस्तूचेच येथे पैसे मोजले जात होते. त्या दिवशी मनाला जो चटका बसला, त्यातूनच हा छंद सुरू झाला.

या कादंबऱ्या प्रथम कशा प्रसिद्ध होत, हे समजल्याशिवाय त्यांच्या किमतीचे कोडे उलगडत नाही. त्या काळी कादंबरी वाचकांपर्यंत मुख्यतः दोन वाटांनी जाई. पहिली वाट मासिक भागांची. चार्ल्स डिकन्स यांची ‘पिकविक पेपर्स’ ही कादंबरी एप्रिल १८३६ ते नोव्हेंबर १८३७ या काळात एक शिलिंग किमतीच्या पातळ कागदी वेष्टनातील भागांतून आली. अंक वीस, पण शेवटचे दोन एकत्र असल्यामुळे भाग एकोणीस. आरंभी एका भागाच्या सुमारे हजार प्रती निघत. अखेरीस हा आकडा चाळीस हजारांपर्यंत गेला. दुसरा भाग निघण्यापूर्वीच चित्रकार रॉबर्ट सेमूर यांनी आत्महत्या केली. त्यांच्या जागी आलेल्या बस यांची तिसऱ्या भागातील दोन चित्रे पुढील मुद्रणांत वगळण्यात आली आणि हॅब्लॉट ब्राउन यांची चित्रे त्यांच्या जागी आली.

आता विचार करा. ज्यांनी दहाव्या भागापासून वाचायला आरंभ केला, त्यांनी मागील भाग पुनर्मुद्रित स्वरूपात घेतले. ज्यांच्याजवळ पहिले भाग होते, त्यांतील बहुतेकांनी कथा पूर्ण होताच वेष्टने आणि जाहिराती काढून एकसंध ग्रंथ बांधून घेतला. आमच्या गुरुजींनी केले तेच. त्यामुळे एकोणीसही भाग पहिल्याच मुद्रणाचे, बस यांच्या चित्रांसह आणि मूळ वेष्टनांत एकत्र मिळणे हा दुर्मीळ योग ठरला. जेरोम कर्न या अमेरिकन संगीतकाराचा असा एक संच जानेवारी १९२९ मध्ये न्यूयॉर्क येथील लिलावात अठ्ठावीस हजार डॉलरना गेला. एकेका शिलिंगाचे ते एकोणीस भाग होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

दुसरी वाट तीन खंडांची. अशा कादंबरीची किंमत साडेएकतीस शिलिंग असे. मध्यमवर्गीय कुटुंबालाही ती परवडत नसे, म्हणून लोक पुस्तक विकत न घेता फिरत्या ग्रंथालयातून आणीत. १८४२ मध्ये चार्ल्स मुडी यांनी सुरू केलेल्या ग्रंथालयाची वर्गणी वर्षाला एक गिनी होती आणि तेवढ्यात वर्षभर एका वेळी एक खंड घरी नेता येई. एकच कादंबरी तीन खंडांत असली की ती एका वेळी तीन घरांत वाचली जाई; ग्रंथालयाचा व्यवसाय या हिशेबावर उभा होता. १८९४ मध्ये मुख्य ग्रंथालयांनी खंडामागे चार शिलिंगांहून अधिक मोजण्यास नकार दिला आणि काही वर्षांतच तीन खंडांची कादंबरी अस्तंगत झाली.

एमिली ब्राँटे यांची ‘वुदरिंग हाइट्स’ डिसेंबर १८४७ मध्ये अशीच आली : पहिले दोन खंड तिचे, तिसरा खंड धाकटी बहीण ॲन यांच्या ‘ॲग्नेस ग्रे’चा. प्रकाशनाच्या खर्चासाठी या दोघी बहिणींना पन्नास पौंड पदरचे घालावे लागले आणि मुद्रितांत दुरुस्त केलेल्या चुका छापील पुस्तकात तशाच राहिल्या. आज त्याच चुकांसह हे तीन खंड मिळावेत म्हणून संग्राहक जिवाचे रान करतात.

या छंदाला फार बारीक नजर लागते. डिसेंबर १८४३ मध्ये पाच शिलिंगांना निघालेल्या ‘अ ख्रिसमस कॅरोल’च्या सहा हजार प्रती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत संपल्या. त्या पुस्तकाची आतली कोरी पाने हिरवी की पिवळी, पहिल्या प्रकरणाच्या शीर्षकातील संख्या आकड्यात की अक्षरांत, यावरून प्रतींचा क्रम लावण्याचा प्रयत्न विद्वान आजही करतात. नवख्या माणसाने लिलावात उतरताना तीन पथ्ये पाळावीत. प्रत समोर ठेवून पानन्‌पान मोजावे, कारण दोन अपुऱ्या प्रतींतून एक पुरी केलेली असू शकते. आपली कमाल बोली घरूनच कागदावर लिहून न्यावी. आणि हातोडा पडलेल्या किमतीवर लिलावगृहाचे शुल्क वेगळे द्यावे लागते, ते बहुधा किमतीच्या चतुर्थांशाच्या आसपास असते, हे विसरू नये. तिसरे पथ्य मी पहिल्या खेपेस विसरलो होतो आणि त्या महिन्यात घरी पाठवायच्या पैशांत तूट आली. पत्नीने पत्रात एवढेच विचारले, “पुस्तक तरी वाचलेत का?”

तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. कारण एव्हाना एक गोष्ट मला डाचू लागली होती. लिलावात सर्वाधिक किंमत येई ती अस्पर्शित प्रतीला. जिची पाने अजून कापलेलीही नाहीत, म्हणजे जी कोणी कधी वाचलीच नाही, ती प्रत सर्वश्रेष्ठ! आमच्या शाळेतील जी पुस्तके वाचून वाचून जीर्ण झाली, ती या बाजारात कवडीमोल ठरली असती.

एका लिलावात अँथनी ट्रोलप यांच्या ‘द ड्यूक्स चिल्ड्रन’ या १८८० सालच्या कादंबरीचे दोन संच लागोपाठ निघाले. पहिला नव्यासारखा स्वच्छ. त्यावर चढाओढ झाली, आणि माझ्या कागदावरील आकडा पहिल्या मिनिटातच मागे पडला. दुसऱ्या संचाचे कापड विटलेले, कोपरे झिजलेले, आणि वर मुडी यांच्या ग्रंथालयाची पिवळी चिठ्ठी. सूचीत त्याचे वर्णन ‘ग्रंथालयीन प्रत, सदोष’ एवढेच होते. पहिल्या संचाच्या जेमतेम दहाव्या हिश्श्यात तो मला मिळाला. माझ्याविरुद्ध बोली लावायला कोणी नव्हते. घरी येऊन पाने उलटली तेव्हा दुसऱ्या खंडात मेणाचा डाग दिसला, तिसऱ्यात एका परिच्छेदाशेजारी पेन्सिलीची बारीक रेघ. कोणीतरी रात्री दिव्याशी बसून ही कथा वाचली होती. मीही ती त्याच प्रतीतून वाचून काढली.

तरीही अस्पर्शित प्रत जपणाऱ्याला मी दोष देणार नाही. मायकेल सॅडलिअर यांच्यासारख्या संग्राहकाने मूळ बांधणीतील कादंबऱ्या आयुष्यभर जमवल्या नसत्या आणि १९५१ मध्ये त्यांची सविस्तर सूची प्रसिद्ध केली नसती, तर त्या शतकात पुस्तक कसे छापले, बांधले आणि विकले जाई, याचे आपले ज्ञान फार अपुरे राहिले असते. त्यांचा संग्रह आज लॉस एंजलिसच्या विद्यापीठात अभ्यासकांना खुला आहे. वाचकाने पुस्तक झिजवावे आणि कोणीतरी एक प्रत जशीच्या तशी राखावी, ही दोन्ही कामे आवश्यक आहेत. एकाच प्रतीकडून ती दोन्ही होत नाहीत, एवढीच अडचण आहे.

आपल्या भाषेचे या बाबतीत काय झाले? हरिभाऊ आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः आली. डिकन्स यांच्या वाचकांप्रमाणेच मराठी वाचकानेही पुढील अंकाची वाट पाहिली. ते सुटे अंक आज किती घरांत असतील? रद्दीच्या तराजूला प्रथमावृत्ती ओळखता येत नाही. आणि महाराष्ट्राबाहेरील आपल्या घरांत तर पुढच्या पिढीला लिपी परकी झाली की आजोबांचे कपाट सर्वांत आधी रिकामे होते.

म्हणून माझी विनंती फार साधी आहे. घरातील जुने मराठी पुस्तक देऊन टाकण्यापूर्वी त्याचे आवृत्तीचे पान एकदा उघडून पाहा. पहिली आवृत्ती असेल, तर वेष्टनासह, जाहिरातींसह, फाटके असले तरी तसेच ठेवा. चिकटपट्टी लावू नका. ते घरी ठेवणे शक्य नसेल, तर शाळेला द्या. मुख्याध्यापकांनी अशा पुस्तकांसाठी एक वेगळे, कुलपाचे कपाट देण्याचे मान्य केले आहे. बाकीची पुस्तके मुलांच्या हाती जाऊ द्या आणि खुशाल झिजू द्या.

ट्रोलप यांचे ते तीन खंड मी आज सोबत आणले आहेत. ते शाळेला देताना एकच इच्छा व्यक्त करतो : त्यांना कुलपाच्या कपाटात ठेवू नये. ज्या मुलाला वा मुलीला इंग्रजी कादंबरी वाचण्याची हौस असेल, त्याला ते घरी नेऊ द्यावेत. गुरुजी आज असते तर त्यांनी त्या विटलेल्या कापडाकडे पाहून खळ शिजवायला सांगितली असती. त्यांना मी या वेळी, फार तर एवढ्या एका पुस्तकापुरते, हात जोडून थांबवले असते.