आकडे काय सांगतात, काय सांगत नाहीत
(गणेशोत्सवातील पालक मेळाव्यात केलेले भाषण)



गणपती ही विद्येची देवता, म्हणून आज मुलांच्या अभ्यासाविषयी बोलू. आम्ही सरकारी नोकर. आमचा दिवस तक्ते भरण्यात जातो. त्यातून एक गोष्ट पक्की कळली आहे. आकडा बरोबर असला, तरी अर्थ लावताना माणूस फसतो.

अभ्यासाचे तास, गुण आणि मनावरचा ताण एकमेकांशी किती जुळतात, हे संख्याशास्त्रात 'सहसंबंधा'ने मोजतात. तो उणे 1 ते अधिक 1 यांच्या दरम्यान असतो. तास आणि गुणांचा सहसंबंध 0.5 आला, तरी गुणांतल्या फरकाचा चौथा हिस्साच तासांशी जुळतो.

आणि जुळणं म्हणजे कारण नव्हे. पावसाळ्यात छत्र्या खपतात, मलेरियाही वाढतो. म्हणून छत्रीने ताप येतो असं कोणी म्हणत नाही. दोन्हींच्या मागे पाऊस असतो. तसंच, घाबरणाऱ्या मुलांचे गुण कमी दिसले, तर भीतीने गुण गेले की कमी गुणांनी भीती आली? की मागे तिसरंच काही आहे? आपल्या नार्नूरला घरी मराठी, शेजारी गोंडी नाहीतर लंबाडी, शाळेत तेलुगू किंवा इंग्रजी. भाषाच अडली, तर मूल जास्त वेळ बसतं, गुण तेवढेच राहतात आणि धास्ती वाढते. त्याला 'आणखी दोन तास बस' म्हणून काय साधणार?

एनसीईआरटीच्या 2022 च्या पाहणीत सहावी ते बारावीचे 3,79,842 विद्यार्थी होते. त्यांतल्या 81 टक्क्यांनी चिंतेचं कारण म्हणून अभ्यास, परीक्षा आणि निकाल सांगितले. म्हणजे काळजी करणारं आपलं मूल काही जगावेगळं नाही.

गुणांचा आकडाही नेहमी खरा असतो असं नाही. 2019 मध्ये आपल्या राज्यात इंटरच्या निकालात गोंधळ झाला. नापास ठरलेले हजाराहून अधिक विद्यार्थी फेरतपासणीत उत्तीर्ण निघाले. पण त्याआधीच वीसहून अधिक मुलं आपण गमावली होती. फेरतपासणी गुणांची होते, जीवाची होत नाही.

म्हणून निकालाच्या दिवशी 'किती पडले?' याआधी 'कुठे अडलं?' हे विचारू या. मूल गप्प झालं, झोप-जेवण सुटलं, तर 14416 या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर बोलता येतं. त्यात कमीपणा नाही.

विघ्नहर्ता मुलांना बुद्धी देवो आणि आपल्याला धीर.

गणपती बाप्पा मोरया!