चेंबरचा नट कोण उघडतं?

(वाहनचालक स्त्रियांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेलं भाषण)



काल दिवसभर आपण लायसन्स, परमिट, कर्जाचे हप्ते आणि रस्त्यावर होणारी छेडछाड यांवर बोललो. आज सकाळचा हा एक तास मी ऑइल बदलण्यासाठी मागून घेतला आहे. फिल्टर कसा निवडायचा आणि इंजिनात ऑइल नेमकं किती घालायचं, एवढाच विषय. कार्यक्रमपत्रिका पाहून दोघी-तिघींनी विचारलं, "हे तर गॅरेजवाल्याचं काम. ते शिबिरात कशाला?" प्रश्न रास्त आहे. म्हणून आधी त्याचं उत्तर देते आणि मग पान्याकडे वळते.

इथे रिक्षा चालवणाऱ्या आहेत, शाळेच्या मुलांची व्हॅन चालवणाऱ्या आहेत, स्कूटरवरून वाड्यावस्त्या करणाऱ्या कार्यकर्त्या आहेत आणि संस्थेची जीप चालवणाऱ्याही दोघी आहेत. परभणीहून पुण्यात आलेल्या शीला डावरे यांनी १९८८ मध्ये रिक्षा चालवायला सुरुवात केली. २०२३ मध्ये एस.टी.च्या बसवर बाई चालक म्हणून बसली. हँडल आणि स्टिअरिंगपर्यंत आपण पोचलो. पण बॉनेट अजून दुसरंच कोणी उघडतं.

वस्तीत काम करताना मी गाडीवाल्या बायकांना एक साधा प्रश्न विचारत असते : गाडी गॅरेजला कोण नेतं? उत्तरं ठरलेली असतात. मालक नेतात, दीर नेतो, भाऊ नेतो, शेजारचा मुलगा नेतो. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला एक भेद शिकवला होता. वस्तू वापरायला मिळणं वेगळं आणि तिच्यावर ताबा असणं वेगळं. शेतजमिनीबद्दल, घराबद्दल आपण हे नेहमी बोलतो. गाडीचंही तेच आहे. हप्ता तिच्या कमाईतून जातो, उन्हातान्हात ती चालवते, पण गाडीत काय घातलं, किती घातलं, त्याचे किती पैसे झाले, हे दुसऱ्याला ठाऊक असतं. मग गाडी गॅरेजला नेणाराच हळूहळू गाडीबद्दल ठरवणारा होतो. "इंजिनाचं काम निघालंय, विकून टाकू," असं तो म्हणाला की तिच्याजवळ उलट विचारायला प्रश्न नसतो.

एका ताईंची हकीकत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, नाव घेत नाही. दोन मुलं पदरात, नवऱ्यापासून वेगळ्या राहतात, कर्ज काढून घेतलेल्या व्हॅनमधून शाळेची मुलं नेतात. दर खेपेला गॅरेजमधून 'ऑइल आणि फिल्टर बदलला' असं बिल त्यांना मिळत होतं आणि त्या ते जपून ठेवत होत्या. एके दिवशी चढावर तांबडा दिवा लागला. मुलांना वेळेवर पोचवायचं म्हणून त्यांनी तशीच गाडी पुढे काढली, आणि इंजिन जाम झालं. दुसऱ्या मिस्त्रीने गाडी उघडून दाखवली. फिल्टर गंजलेला, रंग उडालेला, आत डांबरासारखा गाळ. तो कैक वेळा बिलात बदलला गेला होता, गाडीत मात्र कधीच नाही. व्हॅन तीन आठवडे उभी राहिली. काही पालकांनी मुलांना दुसऱ्या व्हॅनमध्ये घातलं. फिल्टरचे काहीशे रुपये वाचवले कोणी, आणि हजारोंचं इंजिनकाम भरलं कोणी, हे वेगळं सांगायला नको. म्हणून हा तास.

तेल आणि फिल्टर

इंजिनात लोखंडावर लोखंड मिनिटाला हजारो वेळा घासतं. मध्ये तेलाचा पातळ थर असतो म्हणून ते टिकतं. तेल घर्षण कमी करतं, उष्णता वाहून नेतं, काजळी आणि धातूचा चुरा स्वतःत धरून ठेवतं. हा चुरा गाळण्याचं काम फिल्टरचं. चहाच्या गाळणीसारखंच, पण गाळणी तुंबली तर चहा थांबतो. इंजिनात तेल थांबून चालत नाही. म्हणून बहुतेक चारचाकींच्या व्यवस्थेत एक स्प्रिंगची झडप असते, बऱ्याचदा ती फिल्टरच्या डब्यातच बसवलेली असते. फिल्टर तुंबला की ती उघडते आणि तेल न गाळता तसंच इंजिनात जातं. इंजिन चालू राहतं, आपल्याला काही कळत नाही, आणि घाणेरडं तेल फिरत राहतं.

टेबलावर मी एक फिल्टर कापून ठेवला आहे. हातात घेऊन पाहा. बाहेर पत्र्याचा डबा, आत घड्या घातलेला विशिष्ट कागद, तोंडाशी रबराची रिंग. भोकांतून आणखी एक रबर दिसतं. इंजिन बंद केल्यावर फिल्टरमधलं तेल परत खाली उतरू नये म्हणून ते असतं. ते कडक झालेलं असेल किंवा नसेलच, तर सकाळी गाडी सुरू करताना पहिले काही क्षण इंजिन कोरडं फिरतं.

दुकानात "हाच बसतो ताई, आटे सारखेच आहेत" असं सांगतात. आटे सारखे असूनही आतली झडप वेगळ्या दाबाला उघडणारी असू शकते, रिंगचा व्यास वेगळा असू शकतो. म्हणून फिल्टर मागताना गाडीचं मॉडेल, वर्ष आणि इंधन सांगायचं आणि पुस्तिकेतला किंवा कंपनीच्या यादीतला पार्ट नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळवायचा. डब्याला पोचा असेल तर घ्यायचा नाही. रिंग सगळीकडून सारखी आणि मऊ आहे का, हे बोट फिरवून पाहायचं. पक्कं बिल घ्यायचं, कारण बाजारात नकली मालही आहे. ऑइलची रिकामी बाटली गॅरेजमध्ये सोडायची नाही. भोक पाडून टाकायची, म्हणजे ती पुन्हा भरून कोणाला विकली जाणार नाही.

काही ठिकाणी कागदी फिल्टर पेट्रोलमध्ये धुऊन, हवा मारून परत बसवतात. असं कधीही करू देऊ नका. ओला झालेला, ताणलेला कागद गाळत नाही, फाटतो. बऱ्याच बिनगिअरच्या स्कूटरमध्ये मात्र कागदी फिल्टर नसतो, तारेची जाळी असते. ती काढून धुवायची असते. आपल्या गाडीत काय आहे, हे पुस्तिका सांगते.

ऑइलबद्दल दोन गोष्टी. बाटलीवर '२०डब्ल्यू-४०' असं लिहिलेलं असतं. पहिला आकडा थंडीत तेल किती सहज वाहतं ते सांगतो, दुसरा आकडा तापलेल्या इंजिनात ते किती दाट राहतं ते. मोठा आकडा म्हणजे भारी तेल, हा समज चुकीचा आहे. पुस्तिकेत असेल तोच घ्यायचा. दुसरी गोष्ट दुचाकीची. गिअरच्या मोटरसायकलचा क्लच बहुधा ऑइलमध्येच बुडालेला असतो. म्हणून तिच्या बाटलीवर 'जासो एमए' किंवा 'एमए२' असतं आणि बिनगिअरच्या स्कूटरच्या बाटलीवर बहुधा 'एमबी'. मोटारीचं उरलेलं ऑइल मोटरसायकलमध्ये घातलं तर क्लच घसरू शकतो.

पातळी

आता सगळ्यात जास्त घोटाळा होतो ती जागा. "थोडं जास्त घातलेलं बरं" हे आपल्याला फोडणीपासून शिकवलेलं आहे. इंजिनात ते चालत नाही.

ऑइल कमी झालं तर काय होतं, ते ताईंच्या व्हॅनवरून समजून घ्या. गाळ तुंबून असो की तेल आटून, थर तुटला की लोखंड लोखंडाला पकडतं. पण जास्त झालं तर? खाली फिरणारी क्रँक तेलात आपटते आणि ताक घुसळावं तसं ते घुसळते. फेस होतो. फेसात हवा असते, हवेने वंगण होत नाही. सील गळायला लागतात, ऑइल एअर फिल्टरमध्ये चढतं, निळसर धूर येतो. डिझेल इंजिनात तर हे तेल आत खेचलं जाऊन इंजिन चावी बंद करूनही चालू राहण्याचा धोका असतो. स्कूटरच्या बाबतीत हे नेहमी घडतं. तिला लागतं पाऊण लिटरच्या आसपास, गॅरेजमध्ये लिटरची बाटली उघडतात आणि "उरवायचं कशाला" म्हणून सगळी ओततात. स्कूटरसाठी ८०० मिलीच्या बाटल्या मिळतात, त्या मागा. आणि तीही पातळी बघूनच ओता.

पातळी पाहायची ती गाडी सपाट जागेवर असताना. स्कूटर मधल्या स्टँडवर लावायची, साइड स्टँडवर नाही. इंजिन तीन-चार मिनिटं चालवून बंद करायचं, तेल खाली उतरायला काही मिनिटं द्यायची. ऑइलची पट्टी काढायची, स्वच्छ फडक्याने पुसायची, पुन्हा आत घालायची आणि मग काढून वाचायची. काही स्कूटरमध्ये पट्टी आटे न फिरवता नुसती टेकवायची असते, काहींत फिरवून. पुस्तिका पाहा, कारण तेवढ्याने वाचन बदलतं. तेल दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ हवं, तिच्या वर नको. बऱ्याच चारचाकींत या दोन खुणांमध्ये साधारण एक लिटरचं अंतर असतं. म्हणजे पट्टीवर बोटभर वाटणारा फरक मोठा असतो.

बदलताना इंजिन कोमट असावं. चेंबरचा नट काढून जुनं तेल पूर्ण निथळू द्यायचं. नटाचा वायसर नवा घालायचा. जुना फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे बोटाने तपासायचं, कारण रिंगवर रिंग बसली तर तेल उसळून बाहेर येतं. नव्या रिंगला नव्या तेलाचं बोट फिरवायचं आणि फिल्टर हाताने बसवायचा. रिंग टेकल्यावर बहुधा आणखी पाऊण फेरा पुरतो, पान्याने आवळायचा नाही. पुस्तिकेत अनेकदा दोन आकडे असतात : नुसतं ऑइल बदलल्यास इतकं, फिल्टरसह बदलल्यास इतकं. फिल्टरसह बदलताना सांगितलेल्यापेक्षा थोडं कमी ओतायचं. मिनिटभर इंजिन चालवलं की फिल्टर भरतो. मग बंद करून, थांबून, गळती आणि पट्टी पाहून उरलेलं थोडं थोडं घालायचं. जास्त झालंच तर काढायचं, "जाईल जळून" म्हणायचं नाही.

आणि तो तांबडा दिवा, तेलाच्या झारीसारखा. तो तेलाचा दाब सांगतो, पातळी नाही. चालत्या गाडीत तो लागला तर बाजूला घेऊन इंजिन ताबडतोब बंद. घरी पोचून बघू, असं करायचं नाही. पट्टीवरचं तेल चहासारखं दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. न घालताच पातळी वाढली असेल तर इंधन किंवा पाणी मिसळलंय. दोन्ही वेळा गाडी सुरू करायची नाही. नुसतं काळं झालं म्हणून घाबरू नका. डिझेलमध्ये ते लवकर काळं होतं. बदलायचं ते किलोमीटर आणि महिने पाहून, जे आधी येईल ते.

गॅरेजमध्ये उभं राहताना

"ताई, तुम्ही बसा, चहा घ्या," असं म्हणतात. चहा घ्या, पण गाडीजवळ उभं राहून. सगळ्या मिस्त्रींना चोर ठरवायचं नाही. आपल्याला शिकवणारे, विचारलं की आनंदाने दाखवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या कामाचे पैसे द्यायचे आणि आपले प्रश्नही विचारायचे. सामान आपण आणायचं किंवा समोर उघडायला लावायचं. नव्या फिल्टरवर मार्करने तारीख आणि किलोमीटर लिहायचे. जुना फिल्टर मागून घ्यायचा. बिल आपल्या नावाने, पार्ट नंबरासह. त्या व्हॅनवाल्या ताई आता हे सगळं करतात, आणि गटातल्या दोघींच्या गाड्यांनाही त्याच उभ्या राहतात.

जुन्या तेलाबद्दल एक. ते नाल्यात, झाडाच्या बुंध्याशी, चुलीत घालायचं नाही. २०१६ च्या नियमांप्रमाणे तो घातक कचरा आहे. डब्यात भरून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यापर्यंत जाईल अशाच ठिकाणी द्यायचं. ते सतत कातडीला लागणं कर्करोगाला आमंत्रण ठरू शकतं. हातमोजे घाला, हात रॉकेलने नव्हे, साबणाने धुवा. गॅरेजमध्ये उघड्या हातांनी हे काम करणारी पोरं दिसली तर तोही आपल्या चळवळीचा प्रश्न आहे.

एक शंका काल आली होती : २०२४ मध्ये राज्य शासनाने पिंक ई-रिक्षा योजना जाहीर केली, मग हे शिकून काय उपयोग? बॅटरीच्या रिक्षेत इंजिन ऑइल नसतं, खरं आहे. पण बॅटरी, चार्जर, वॉरंटीची कागदपत्रं असतात, आणि "ते तुम्हाला नाही कळणार ताई" हे वाक्य तिथेही असतंच. पट्टी वाचायची सवय तिथेही कामी येते.

माझी सूचना अशी. प्रत्येक गटाने मिळून पान्यांचा एक संच, फिल्टरचा पाना, तेल निथळायची परात आणि एक वही घ्यावी. वहीत प्रत्येकीच्या गाडीचं एक पान : ऑइलचा ग्रेड, किती लागतं, फिल्टरचा नंबर, कधी बदललं. ती वही घरात पुरुषांच्या कपाटात नको, गटाच्या पेटीत असू द्या.

बाहेर अंगणात संस्थेची जीप सपाट जागेवर उभी आहे, इंजिन कोमट आहे. नवा फिल्टर खोक्यात आहे, नंबर अजून कोणी जुळवलेला नाही. चला, बाह्या सरसावा.