नव्या रक्तवाहिन्या : गरज आणि मर्यादा



गुरुवर्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ योजिलेल्या या व्याख्यानात, शरीरात नवी रक्तवाहिनी कशी जन्मते आणि तिची वाढ वेळीच थांबली नाही तर काय होते, एवढेच मला सांगावयाचे आहे.

रक्तातील प्राणवायू केशवाहिनीपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांपलीकडे फारसा झिरपत नाही. जखमेच्या जागी तो कमी पडला, की एरव्ही सतत नष्ट होणारे एक प्रथिन पेशींत टिकून राहते आणि वृद्धिघटकाचे जनुक कार्यान्वित करते. या नियंत्रणाचा उलगडा करणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या वृद्धिघटकांपैकी प्रमुख तो ‘व्हीईजीएफ’. तो जवळच्या केशवाहिनीच्या अस्तरपेशींना जाऊन चिकटतो. त्या पेशी भोवतीचे आवरण विरघळवितात. एक पेशी वाट काढीत पुढे सरकते, मागच्या विभागत तिच्यामागून येतात. असे दोन अंकुर एकमेकांस मिळाले, की त्यांतून रक्त वाहू लागते. पुढे दुसऱ्या एका वृद्धिघटकामुळे आधारपेशी येऊन भिंत बळकट करतात. प्राणवायू पोहोचला, की मूळ संदेशही ओसरतो.

हाच संदेश कर्करोगाची गाठही वापरते. नव्या रक्तवाहिन्यांवाचून गाठ एक-दोन मिलिमीटरपलीकडे वाढणार नाही, हा विचार बोस्टनच्या ज्यूडा फोकमन यांनी १९७१ साली मांडला, तेव्हा अनेकांनी तो शंकास्पद मानला. १९८९ साली नेपोलिओन फेरारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीईजीएफ वेगळा केला. त्याला रोखणारे औषध २००४ साली अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगावर मान्य झाले. त्याने रुग्णांचे आयुष्य काही महिन्यांनी वाढते. रोग मात्र सहसा समूळ जात नाही, कारण गाठ अन्य मार्ग शोधते.

आपल्या घराघरांशी निगडित उदाहरण मधुमेहाचे. त्यात दृष्टिपटलातील केशवाहिन्या बंद पडतात, प्राणवायूचा तुटवडा होतो आणि व्हीईजीएफ वाढतो. त्यातून उगवणाऱ्या वाहिन्या नाजूक असतात. त्या गळतात, फुटतात आणि दृष्टी हिरावतात. मदतीसाठी दिलेली हाकच येथे घातक ठरते. लेसर आणि डोळ्यात द्यावयाची व्हीईजीएफ-विरोधी इंजेक्शने यांनी दृष्टी पुष्कळदा वाचते. परंतु रोग वेळीच ओळखला तरच. आरंभी रुग्णास काहीच जाणवत नाही.

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, घरी कोणास मधुमेह असेल, तर बाहुली विस्फारून होणारी दृष्टिपटलाची तपासणी दरवर्षी करविण्याचा आग्रह धरा. गुरुवर्यांच्या स्मृतीस तीच खरी आदरांजली ठरेल.