असील कोंबड्याचा निवारा

असील कोंबडा जात्याच भांडखोर. दुसरा नर दृष्टीस पडताच तो झुंजीस उभा राहतो. म्हणून त्यास निराळे ठेवणे भाग पडते. परंतु निराळा कोंडलेला पक्षी स्वतः सावली शोधू शकत नाही. बिदर तालुक्यातील कमठाण्याच्या परिसरात मे महिन्याचे ऊन प्रखर असते. कोंबड्यास घाम येत नाही. मुख्यतः धापा टाकून तो अंग निववितो. यास्तव खुराड्यावर गवती छप्पर, पावसाळी वाऱ्याकडे बंद पाठ, दोन खुराड्यांमध्ये कुडाचा आडोसा आणि मुंगूस शिरणार नाही अशी जाळी असावी. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने झुंजी लावणे गुन्हा ठरविले. हालचालीस अपुऱ्या पिंजऱ्यात प्राणी कोंडणे हाही त्याच कायद्याने गुन्हाच होय.