नाव घालण्यापूर्वी गावची शाळा पाहावी

(गोव्यातील सत्तरी तालुक्यातील एका गावी भरलेल्या पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्यापैकी ज्यांची मुले लवकरच सहा वर्षांची होतील, त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा आहे. मुलाचे नाव गावच्या सरकारी प्राथमिक शाळेत घालावे, की त्याला सकाळच्या गाडीने शहरातल्या शाळेत पाठवावे? या प्रश्नाचे उत्तर तयार स्वरूपात देण्यासाठी मी येथे आलो नाही. ते उत्तर आपणच शोधावे आणि ते ऐकीव गोष्टींवरून न शोधता स्वतः शाळा पाहून शोधावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

आपण बैल घेताना त्याचे दात पाहतो, बियाणे घेताना मूठभर दाणे हातावर घेऊन पारखतो. मुलाच्या शाळेची निवड मात्र पुष्कळदा शेजाऱ्याच्या बोलण्यावरून, गणवेशाच्या रंगावरून किंवा इमारतीच्या उंचीवरून होते. याचा परिणाम एका घरापुरता राहत नाही. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यानंतर, विशेषतः कै. दयानंद बांदोडकर यांच्या कारकिर्दीत, खेड्यापाड्यांत सरकारी प्राथमिक शाळा निघाल्या. त्यापूर्वी पोर्तुगीज राजवटीत मराठी शाळा चालविण्याचा भार बव्हंशी लोकांनीच उचलला होता. आज अनेक गावांत या शाळांची पटसंख्या वीसच्याही खाली गेली आहे. पट घटला की शिक्षक कमी होतात, शिक्षक कमी झाले की आणखी पालक मुले काढून घेतात, आणि शेवटी शाळा बंद करण्याचा किंवा दुसरीत विलीन करण्याचा विचार सुरू होतो. ज्याला गाडीभाडे परवडत नाही, त्याच्या मुलाची वाट तेव्हा लांबते. म्हणून हा निर्णय डोळसपणे व्हावयास हवा.

पाहणीस जावे ते कामाच्या साध्या दिवशी. वार्षिक स्नेहसंमेलनाच्या दिवशी कोणतीही शाळा सुंदर दिसते. मुख्याध्यापकांना आदल्या दिवशी विचारून वेळ ठरवावी, वर्गात मागे शांतपणे बसावे आणि शिकविण्यात व्यत्यय येऊ देऊ नये. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षात किमान २०० दिवस व ८०० तास अध्यापन व्हावयास हवे. हिशेब केला तर दिवसाला चार तास पडतात. हे चार तास खरोखर शिकविण्यात जातात काय, हे पाहण्याचा आपणास अधिकार आहे. शिक्षकांना जनगणना, निवडणुका व आपत्ती-निवारण यांखेरीज अन्य बिगरशैक्षणिक कामास लावू नये, असेही त्याच कायद्यात म्हटले आहे. शिक्षक वर्गात नसतील, तर ते कोठे आहेत आणि कोणी पाठविले, हेही विचारावे.

सर्वांत महत्त्वाची पाहणी तिसरीच्या मुलांची. पहिलीचे मूल अजून शिकते आहे. पण तिसरीच्या मुलावरून शाळेने दोन वर्षांत काय केले ते कळते. केंद्र शासनाने २०२१ साली सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ कार्यक्रमात तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला सुमारे ६० शब्द अर्थ समजून वाचावेत आणि ९९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात, असे उद्दिष्ट ठेवले आहे. आपण घड्याळ घेऊन शब्द मोजण्याचे कारण नाही. परीक्षकाच्या थाटात मुलांना प्रश्नही विचारू नयेत. त्यांनी पूर्वी न वाचलेली एखादी छोटी गोष्ट वाचून घ्यावी, अशी विनंती शिक्षकांना करावी. मूल पाठ केलेले म्हणते की वाचते, आणि वाचल्यावर आपल्या शब्दांत सांगू शकते की नाही, हे पाच मिनिटांत ध्यानात येते.

मग वह्या पाहाव्यात. हुशार मुलाची वही आपल्यापुढे आपोआप येईल. तिच्यावर थांबू नये. मागे बसणाऱ्या मुलाचीही वही पाहावी. तिच्यात चूक कोठे झाली ते शिक्षकांनी दाखविले आहे काय, आणि पुढच्या पानावर ती सुधारली आहे काय? केवळ लाल रेघा व ‘पाहिले’ असा शेरा असेल, तर ते तपासणे नव्हे. शिक्षकांना एक प्रश्न अवश्य विचारावा : “जे मूल मागे पडले, त्याच्यासाठी आपण काय करता?” या प्रश्नाला मुलाचे नाव घेऊन जो शिक्षक उत्तर देतो, त्याच्या हाती आपले मूल सोपविण्यास हरकत नाही.

आता शिक्षकसंख्येविषयी. कायद्याप्रमाणे ६० पर्यंत मुले असलेल्या प्राथमिक शाळेत दोन शिक्षक व ६१ ते ९० मुलांसाठी तीन शिक्षक हवेत. लहान शाळेत एका शिक्षकाला दोन-तीन इयत्ता एकत्र सांभाळाव्या लागतात. असा वर्ग पाहून पालक बिचकतात. परंतु शिक्षक पहिलीला अक्षर गिरवून घेत असता तिसरीची मुले काय करतात, यावर सर्व अवलंबून आहे. ती दिलेले काम करीत असतील, मोठे मूल लहानाला मदत करीत असेल, तर तेथे शिक्षण चालू आहे. ती भिंतीकडे पाहत बसली असतील, तर मात्र ती उणीव खरी समजावी.

भाषेचाही विचार करावा. आपल्या घरी कोकणी बोलली जाते, शाळेत मराठी शिकविली जाते, आणि कामधंद्यासाठी आलेल्या कुटुंबांतील काही मुलांच्या घरी कन्नड वा हिंदी असते. शक्य असेल तेथवर शिक्षण मुलाच्या मातृभाषेतून व्हावे, हे कायद्यानेही मान्य केले आहे. पहिलीचे मूल घरच्या बोलीत उत्तर देते तेव्हा शिक्षक ते स्वीकारून पुढे नेतात की त्याला हसतात, हे कान देऊन ऐकावे.

यानंतर इमारत पाहावी. चिऱ्यांच्या भिंती व मंगळुरी कौले जुनी असली म्हणून शाळा वाईट ठरत नाही. पण पावसात कौले गळतात काय, विजेच्या तारा उघड्या आहेत काय, विहिरीवर झाकण आहे काय, हे पाहावे. मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे हवीत, आणि त्यांत पाणी हवे. कुलूप लावलेले स्वच्छतागृह नसल्यासारखेच. मध्यान्ह आहारातून प्राथमिक वर्गातील मुलास रोज ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे प्रमाण आहे. आहार वाढण्यापूर्वी शिक्षकांनी चाखावा अशी सूचना आहे; तो चाखला जातो काय, ते विचारावे.

पाहणीत उणिवा निघतीलच. त्यांचे दोन भाग करावेत. गळते छप्पर, बंद नळ, पुस्तकांचा अभाव या उणिवा दूर करण्याचे साधन आपल्याच हाती आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत व एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, अशी तरतूद आहे. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणे, विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे ही या समितीची कामे होत. समितीची मागील सभा केव्हा झाली व तिचे इतिवृत्त कोठे आहे, हे विचारल्यास शाळेची निम्मी स्थिती समजते. मुलांना मारहाण, त्यांचा अपमान किंवा जातीवरून भेदभाव या गोष्टी मात्र दुसऱ्या प्रकारच्या आहेत. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस कायद्याने बंदी आहे. तेथे वाट पाहू नये. भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करावी.

हीच मोजपट्टी शहरातील शाळेलाही लावावी. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची मुलाखत वा चाचणी घेण्यास कायद्याने मनाई आहे आणि तसे करणाऱ्या शाळेस पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तेथेही तिसरीच्या मुलाचे वाचन ऐकावे, मागच्या बाकावरील वही मागावी. जाण्यायेण्यात मुलाचा किती वेळ जाईल, तोही हिशेबात धरावा. एवढे पाहून कोणी दुसरी शाळा निवडली, तर त्यास दोष देता येणार नाही.

शिक्षकांना व अधिकाऱ्यांना एक विनंती आहे. पाहावयास आलेल्या पालकाला तपासनीस समजू नये. त्याच्या प्रश्नांना मोकळेपणाने उत्तरे द्यावीत आणि जे उणे आहे तेही सांगावे. ज्याने शाळा आतून पाहिली आहे, तो पालक उद्या समितीच्या सभेत छपरासाठी भांडेल.

पालकहो, प्रवेश सुरू होण्यास अद्याप अवधी आहे. घरातील दोघांनीही जावे. आईला वेळ मिळेल असाच दिवस ठरवावा. एक सकाळ त्यासाठी मोडली, तरी मुलाच्या पुढल्या चार वर्षांच्या मानाने ती फार नाही.

जय हिंद.