फवारणीचं विष आणि यकृताचे राखणदार
(प्रभाग संघाच्या सभेतील भाषण)



फवारणीचा विषय निघाला की आपण डोळ्यांची आग आणि चक्कर, एवढंच बोलतो. आज यकृताबद्दल बोलू. यकृत म्हणजे लिव्हर, बकऱ्याची आपण कलेजी म्हणतो ते.

2017 चा हंगाम आठवते न? शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती झाली. ती मोठी मात्रा होती. पण दर हंगामात थोडं थोडं अंगात जाते, त्याचं काय? (आपण त्याला 'औषध' म्हणतो, हीच खरी गोम आहे.)

ते विष मोडायचं काम यकृताचं. मोडताना पेशीत जळजळीत कण तयार होतात, हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे. जखम धुवायला हेच वापरतात, तेव्हा पांढरा फेस येतो. तो फेस कॅटालेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, काढते. पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकते. यकृतात हे कॅटालेज भरपूर असते. सोबतीला एसओडी आणि ग्लुटाथायोनवर चालणारी विकरं असतात. हे आपले राखणदार.

आता मजा पाहा. पेशीत एनआरएफ-२ नावाचं प्रथिन एरवी बांधून ठेवलेलं असते. ताण वाढला की ते सुटते, पेशीच्या केंद्रकात जाते अन् जास्त राखणदार बनवायचा हुकूम देते. म्हणून थोडा ताण यकृत निभावून नेते. 'इतकी वर्षं फवारतो, काय झालं?' असं घरधनी म्हणतात ते यामुळेच. पण मारा थांबलाच नाही तर राखणदार बनतात त्याहून जास्त खर्ची पडतात. उंदरांवरच्या प्रयोगांत कीटकनाशक देत राहिल्यावर ही विकरं घटलेली अनेकदा दिसली आहेत.

'फवारून आल्यावर थोडी घेतली की विष उतरते' हे साफ खोटं. रोजची दारू ग्लुटाथायोनच संपवते. टॉनिकच्या बाटलीवरही बचतीचे पैसे घालवू नका, ती हातमोज्यांची जागा घेत नाही.

फवारणीचे कपडे वेगळे भिजवा, लेकराच्या कपड्यांत नको. तुम्ही ते उघड्या हातानं चोळता, टाकीत पाणी ओतता, म्हणजे फवारा हातात नसला तरी विष तुमच्याही अंगात जाते. कोणाला फवारताना लाळ, घाम, उलटी सुरू झाली तर अंगावरचे कपडे काढा, साबणानं धुवा, लगेच दवाखाना गाठा. डब्याचं लेबल सोबत न्या. कोणतं विष ते कळलं की डॉक्टरांना उतारा ठरवता येतो.